पेनिसिलीनचा चौकोन



घरांत लहान मुलाचा कान ठणकूं लागला किंवा घसा सुजला, कीं डॉक्टर पुष्कळदां एक बाटली लिहून देतात. ती आणून पाहावी तों तिच्यांत पातळ औषध नसून कोरडी भुकटी असते. उकळून गार केलेलें पाणी बाटलीवरील खुणेपर्यंत घालावें, बाटली नीट हलवावी, आणि सांगितलेल्या दिवसांत, बहुधा आठवडाभरांत, औषध संपवावें. उरलें तर टाकून द्यावें, अशी सूचना तिच्यावर छापलेली असते. काटकसरी गृहिणीला ही शेवटची सूचना रुचत नाहीं. पाणी घालण्याचें काम कारखानदारानेंच कां करूं नये, आणि आठ दिवसांत त्या पाण्यांत असें काय बिघडतें, हा प्रश्न तिच्या मनांत येतो, आणि तो अगदीं रास्त आहे.

हें औषध अ‍ॅमॉक्सिसिलीन असेल, तर तें पेनिसिलीनच्याच कुळांतील होय. या कुळांतील प्रत्येक रेणूंत चार परमाणूंचें एक लहानसें चौकोनी कडें असतें. वांकवून धरलेल्या वेताप्रमाणें तें ताणलेलें असतें. पाण्यांत तें हळूहळू उघडतें, आणि उघडलें कीं त्या रेणूचें औषधपण संपलें. प्रश्नाचें उत्तर एवढेंच आहे. परंतु हा चौकोन तेथें आहे हें कोणीं पाहिलें, कसें पाहिलें, आणि तो तेथें असणें शक्य नाहीं असें म्हणणारे थोर लोक कां चुकले, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे, आणि तीच आज मला आपणांपुढें मांडावयाची आहे.

आरंभीं दोन शब्दांचा खुलासा करतों. मूलद्रव्याचा सूक्ष्म कण तो परमाणु. कर्ब, नत्र, प्राणवायु, गंधक आणि उज्ज, म्हणजे ज्याला आपण हायड्रोजन म्हणतों तो वायु, यांचे परमाणु एकमेकांस ठराविक रीतीनें जोडले जाऊन जो कण तयार होतो तो रेणु. कोणते परमाणु किती आहेत हें कळणें निराळें, आणि कोणता कोणाला जोडलेला आहे हें कळणें निराळें. तीच लांकडें व त्याच विटा घेऊन देऊळहि बांधतां येतें आणि गोठाहि बांधतां येतो. रसायनशास्त्रज्ञ ज्याला रचना म्हणतात ती ही जोडणी.

मग ही जोडणी ओळखावयाची कशी? एकोणिसाव्या शतकांतील रसायनशास्त्रज्ञांनीं यासाठीं जी पद्धति बसविली ती मला नेहमीं जुना वाडा पाडून त्याचा नकाशा काढण्यासारखी वाटते. पदार्थ आम्लांत उकळावा, अल्कलींत उकळावा, त्याचे तुकडे करावे, प्रत्येक तुकडा ओळखीचा आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि या तुळया व हे खांब पूर्वीं कसे उभे असतील याचें अनुमान बांधावें. अखेर तोच पदार्थ साध्या द्रव्यांपासून स्वतः बांधून दाखवावा, म्हणजे अनुमान खरें ठरलें. या पद्धतीला कोणी कमी लेखूं नये. हिच्याच बळावर बेयर यांनीं १८८३ सालीं निळीच्या रेणूची रचना सांगितली, १८९७ सालीं जर्मनींतील कारखान्याची नीळ बाजारांत आली, आणि पुढें थोड्याच वर्षांत बिहारांतील निळीचे मळे ओस पडूं लागले. कागदावर काढलेली एक आकृति खरी ठरली म्हणजे तिचे परिणाम किती दूरवर पोंचतात, हें आपल्या देशानें असें अनुभवलेलें आहे.

पण या पद्धतींत एक गृहीत धरलेलें असतें. वाडा पाडतांना तुळई तुळईच राहते, तिचा खांब होत नाहीं, हें तें गृहीत होय. पेनिसिलीननें नेमका येथेंच दगा दिला.

फ्लेमिंग यांना १९२८ सालीं लंडनमध्यें बुरशीचा गुण दिसला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. ती मी पुन्हां सांगत नाहीं. खरें औषध झालें तें ऑक्सफर्ड येथें, फ्लोरी, चेन, हीटली व त्यांचे सहकारी यांच्या हातून. १९४० च्या मे महिन्यांत त्यांनीं आठ उंदरांना मारक जंतु टोंचले आणि त्यांतील चौघांना पेनिसिलीन दिलें. पेनिसिलीन न मिळालेले चारहि उंदीर रात्रींतच मेले. औषध मिळालेले दुसऱ्या दिवशीं जिवंत होते. १९४१ च्या फेब्रुवारींत एका पोलिसाला तें देण्यांत आलें. तो झपाट्यानें सुधारूं लागला. पण औषध इतकें थोडें होतें, कीं त्याच्या लघवींतून बाहेर पडलेलें पेनिसिलीन पुन्हां शुद्ध करून त्यालाच द्यावें लागलें. अखेर तेंहि संपलें, आणि तो मनुष्य दगावला.

या एका मृत्यूंत पुढील साऱ्या धडपडीचें कारण सांठलेलें आहे. महायुद्ध चालू होतें, जखमी सैनिकांच्या रांगा लागल्या होत्या, आणि बुरशी आपल्या गतीनें वाढत होती. पेनिसिलीनची रचना कळली तर निळीप्रमाणें तेंहि कारखान्यांत बनवितां येईल, बुरशीची मनधरणी करण्याची गरज उरणार नाहीं, या आशेनें इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांतील अनेक प्रयोगशाळा गुप्तपणें कामाला लागल्या. रचनेचा अंदाज चुकला, तर त्या अंदाजावर उभारलेला बनविण्याचा प्रत्येक प्रयत्न फुकट जाणार, हें उघड होतें.

प्रथम साधें गणितच जमेना. रेणूंत गंधक आहे हें १९४३ सालीं ध्यानांत आलें, आणि मग कोठें परमाणूंची मोजदाद जुळली. अमेरिकेंत जें पेनिसिलीन तयार होई त्यांत सोळा कर्ब, अठरा उज्ज, दोन नत्र, चार प्राणवायु आणि एक गंधक असे परमाणु निघाले. तोडून मिळालेले तुकडेहि ओळखतां आले. त्यांतील पेनिसिलॅमीन नांवाचा तुकडा पुढें, १९५६ पासून, शरीरांत सांठलेलें तांबें बाहेर काढण्याचें औषध म्हणून उपयोगी पडला. पण हें विषयांतर झालें.

रचनेविषयीं दोन तट पडले. गंधक व नत्र ज्यांत आहेत असें एक पांच परमाणूंचें कडें रेणूंत आहे, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो दुसऱ्या कड्याविषयीं. ऑक्सफर्डचे सर रॉबर्ट रॉबिन्सन हे त्या काळीं वनस्पतिजन्य पदार्थांच्या रसायनांतले अग्रगण्य पंडित. १९४७ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. त्यांचें म्हणणें असें, कीं दुसरें कडेंहि पांच परमाणूंचें आहे, आणि तें पहिल्याला एका दुव्यानें जोडलेलें आहे. जणूं दोन घरें आणि मध्यें एक बोळ. जर्मनींतून निर्वासित होऊन आलेले चेन आणि त्यांचे तरुण सहकारी एडवर्ड एब्रॅहॅम यांनीं १९४३ च्या अखेरीस वेगळें मत मांडलें. दुसरें कडें चारच परमाणूंचें असून दोन्ही कड्यांची एक भिंत सामाईक आहे, चाळींतल्या लगतच्या दोन खोल्यांसारखी, असें तें मत. या चौकोनी कड्याला बीटा-लॅक्टाम म्हणतात.

आतां मौज पाहा. आम्लांत टाकावें तर पेनिसिलीन एका रीतीनें मोडे, अल्कलींत टाकावें तर दुसऱ्या रीतीनें; आणि मोडतां मोडतां आंतले परमाणु आपल्या जागा बदलून नवीच कडीं तयार करीत. तुळईचा खांब होत होता! हातीं आलेले तुकडे दोन्ही नकाशांत सारखेच बसत. रॉबिन्सन यांच्या नकाशांतील एक नत्र अल्कलीसारखा वागावयास हवा होता, तसा तो वागत नसे. हा चौकोनवाल्यांचा मुद्दा होता. उलट चौकोनी कडें असलेले साधे पदार्थ स्टॉडिंगर यांनीं १९०७ सालींच तयार केले होते आणि ते चांगले टिकाऊ होते. मग पेनिसिलीन इतकें नाजूक कां, असा उलट प्रश्न रॉबिन्सन यांच्या बाजूनें होता, आणि तो बिनतोड दिसत होता. त्यांच्या बाजूच्या कॉर्नफोर्थ नांवाच्या एका तरुण रसायनशास्त्रज्ञानें तर, चौकोन खरा निघाला तर मी रसायनशास्त्र सोडून अळंबीं पिकवीन, अशी प्रतिज्ञा केल्याचें सांगतात. सुदैवानें ती त्यानें पाळली नाहीं. १९७५ सालीं त्याला रसायनशास्त्राचेंच नोबेल पारितोषिक मिळालें.

ज्याला हात लावतांच तें बदलतें, त्याला हात न लावतां कसें विचारावयाचें? येथें रसायनशास्त्राला पदार्थविज्ञानाच्या दाराशीं जावें लागलें.

पहिला मार्ग प्रकाशाचा. परमाणु एकमेकांना जोडलेले असतात ते खिळ्यांनीं ठोकल्यासारखे नव्हेत, तर लवचिक तारांनीं बांधल्यासारखे. आणि ते सदैव थरथरत असतात. प्रत्येक जोडाचा एक ठराविक सूर असतो. तांबड्या रंगाच्या पलीकडील, डोळ्यांना न दिसणारे जे उष्ण किरण, त्यांना अवरक्त म्हणतात. ते पदार्थांतून जाऊं दिले, तर ज्या सुरांचे जोड पदार्थांत असतील तेवढेच किरण वाटेंत शोषले जातात. पलीकडे किरणांचा पट मांडून कोठें कोठें खळगे पडले आहेत तें पाहिलें, कीं आंत कोणते जोड आहेत तें समजतें. पदार्थ मात्र जसाचा तसा राहतो. याच सुरांचा मागोवा घेण्याची एक वेगळी वाट चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास दाखविली. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर विखुरलेल्या प्रकाशांतील अत्यल्प भागाचा रंग किंचित् बदललेला असतो, आणि तो बदल म्हणजेच रेणूच्या थरथरीचें माप. हेच रामन त्यापूर्वीं १९२१ सालीं वीणा आणि तंबोरा यांच्या तारांच्या कंपनांवर निबंध लिहून चुकले होते, ही गोष्ट मला योगायोगापेक्षां अधिक वाटते.

कर्ब आणि प्राणवायु यांच्या दुहेरी जोडाचा सूर विशेष स्पष्ट ऐकूं येतो, आणि शेजारीं कोण आहे यावर तो चढतो किंवा उतरतो. एका सेंटिमीटरांत किती लहरी बसतात या मापानें बोलावयाचें तर, नत्राशेजारचा साधा मोकळा जोड सुमारें १६५० ते १६९० या स्थानीं सूर देतो. चौकोनांत कोंडला कीं त्याच्यावर ताण पडतो आणि सूर चढतो, तंबोऱ्याची खुंटी पिळल्यासारखा. पेनिसिलीनचा एक सूर निघाला १७७० ते १७८० च्या आसपास. ऑक्सफर्डला थॉम्प्सन, केंब्रिजला सदरलँड आणि अमेरिकेंत इतर अनेक यांनीं हीं मापें घेतलीं. हा सूर साध्या जोडाचा नव्हता एवढें नक्की झालें. पण चौकोन आणि पंचकोन यांची सामाईक भिंत असलेला एकहि पदार्थ त्या वेळीं कोणाच्या संग्रहीं नव्हता, मग सूर जुळवून पाहावयाचा तरी कोणाशीं? गवय्याचा आवाज पूर्वीं ऐकलेलाच नसेल, तर पडद्याआडून कोण गात आहे हें कसें सांगावें? साक्षीदारानें खरें तेंच सांगितलें होतें, पण ऐकणाऱ्याला ती भाषा तोंवर पुरती येत नव्हती.

निकाल दिला तो क्ष-किरणांनीं.

सूक्ष्मदर्शकानें परमाणु दिसत नाहींत, कारण प्रकाशाच्या लहरी त्यांच्या मानानें फार मोठ्या असतात. सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाला एक माप मानलें, तर दोन परमाणूंमधील अंतर दीड मापाच्या जवळपास, आणि दृश्य प्रकाशाची लहर चार ते सात हजार मापें लांब. क्ष-किरणांची लहर मात्र दीडदोन मापांची करतां येते. स्फटिकांत रेणु कवायतीच्या रांगांप्रमाणें उभे असतात. त्यांच्यावर क्ष-किरण सोडले, तर ते ठराविक दिशांनीं फुटून छायाचित्राच्या कांचेवर ठिपक्यांची नक्षी उमटवितात. हें लाउए यांनीं १९१२ सालीं दाखविलें, आणि ब्रॅग पितापुत्रांनीं त्या ठिपक्यांवरून परमाणूंच्या जागा काढण्याची विद्या बसविली. पहिल्या फळांपैकीं एक होतें साधें मीठ. मिठांत सोडियम व क्लोरीन यांच्या जोड्या कोठेंच नाहींत, दोघेहि बुद्धिबळाच्या पटावरील घरांप्रमाणें आळीपाळीनें मांडलेले आहेत, असें निघालें. हें कांहीं जुन्या रसायनशास्त्रज्ञांना इतकें लागलें, कीं हेन्री आर्मस्ट्राँग या वृद्ध पंडितानें १९२७ सालींहि 'नेचर' पत्रांत बिचाऱ्या मिठाची कींव करणारें पत्र छापविलें. परक्या शास्त्रानें आपल्या घरांत येऊन भांडीं कोठें ठेवलीं आहेत तें सांगावें, हें कोणाला आवडतें?

ऑक्सफर्डला वस्तुसंग्रहालयाच्या इमारतींत डोरोथी हॉजकिन या बाईंची लहानशी क्ष-किरण प्रयोगशाळा होती. त्यांचें वय त्या वेळीं तिशीच्या पुढें नुकतेंच गेलेलें. पण चोविसाव्या वर्षीं जडलेल्या संधिवातानें हातांचे सांधे तेव्हांपासूनच दुखूं लागले होते. त्या हातांनीं त्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे स्फटिक उचलून केसासारख्या कांचेच्या काडीवर बसवीत. उंदरांचा प्रयोग यशस्वी झाला तेव्हां चेन यांनीं त्यांना, एक दिवस तुम्हांला याचे स्फटिक आणून देईन, असें सांगितलें होतें. ते यावयाला चार वर्षें लागलीं. अमेरिकेंत तयार झालेले थोडेसे स्फटिक १९४४ सालीं लष्करी विमानानें इंग्लंडला आणण्यांत आले. हॉजकिनबाई व त्यांची विद्यार्थिनी बार्बरा लो यांनीं पेनिसिलीनचे पोटॅशियम व रुबिडियम यांशीं झालेले क्षार घेतले. नॉर्थविच येथील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेंत चार्ल्स बन आणि ॲन टर्नर-जोन्स यांनीं सोडियमचा क्षार घेतला.

ठिपके मिळाले म्हणजे चित्र मिळालें, असें मात्र नव्हे. तळ्याच्या कांठावर आदळणाऱ्या लाटांची उंची मोजली, पण कोणती लाट केव्हां आली हें टिपून ठेवलें नाहीं, तर तळ्यांत दगड कोठें पडले हें सांगतां येईल काय? क्ष-किरणांची हीच अडचण आहे. कांचेवर ठिपक्याचा जोर उमटतो, लहरीची वेळ हरवते. ती अंदाजानें भरून काढावयाची, त्यावरून नकाशा काढावयाचा, तो सुधारावयाचा, पुन्हां गणित मांडावयाचें. हें गणित पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर छापलेल्या आंकड्यांच्या बेरजा करीत चाले. शेवटीं शेवटीं भोंकें पाडलेल्या कार्डांच्या यंत्राचें साह्य मिळालें. दोन्ही गटांनीं आरंभीं एक चूक केली. रेणु लांब पसरलेला असावा असें त्यांनीं धरलें होतें. एकमेकांचे नकाशे शेजारीं ठेवले तेव्हां तो पसरलेला नसून अंग दुमडून बसलेला आहे, हें लक्षांत आलें. त्यानंतर धुकें विरळ होऊं लागलें. १९४५ सालीं, युरोपांतील युद्ध संपतां संपतां, उज्ज सोडून बाकीच्या तेवीस परमाणूंच्या जागा निश्चित झाल्या.

चौकोन तेथें होता, आणि भिंत सामाईक होती.

हॉजकिनबाईंनीं हा निकाल काढतांना रॉबिन्सन आणि चेन यांच्यापैकीं कोणाची बाजू अगोदर धरली नाहीं. आकृतींत काय दिसतें तेवढेंच पाहिलें. माझ्या मतें त्यांच्या कामाचें खरें मोल यांत आहे. ज्याला चौकोन हवा होता त्याला तो अंधुक नकाशांतहि दिसला असता. रॉबिन्सन यांचें समाधान लगेच झालें नाहीं. त्यांना हट्टी म्हणून हंसणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. आयुष्यभर ज्या पद्धतीनें त्यांनीं खरीं उत्तरें काढलीं होतीं, तिनेंच या एका ठिकाणीं फसविलें. आणि ज्या ठिपक्यांनीं त्यांना खोटें पाडलें ते कोणत्याहि परीक्षानळींत दाखवितां येण्यासारखे नव्हते. १९४५ च्या डिसेंबरांत गुप्ततेचा पडदा थोडासा उचलून एक त्रोटक निवेदन प्रसिद्ध झालें. सविस्तर ग्रंथ निघाला तो १९४९ सालीं. हॉजकिनबाईंना १९६४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, पण तोंपर्यंत त्यांनीं बी-१२ जीवनसत्त्वासारखा कितीतरी अधिक गुंतागुंतीचा रेणूहि उलगडला होता.

रचना कळली, पण कारखान्यांत पेनिसिलीन बांधण्याचें स्वप्न मात्र त्या रीतीनें खरें झालें नाहीं. शीहन यांनीं तें प्रयोगशाळेंत पूर्णपणें बांधून दाखविलें १९५७ सालीं, आणि तरीहि बुरशीच स्वस्त ठरली. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन होऊन पुढल्या वर्षीं पेनिसिलीन काढूं लागला, तोहि मोठमोठ्या टांक्यांत बुरशी वाढवूनच. आतां या रचनेचा उपयोग निराळाच झाला आहे. बुरशीकडून चौकोनासहित गाभा घ्यावयाचा, आणि त्याला बाजूनें हवी ती नवी शेपटी जोडावयाची. बाटलींतील अ‍ॅमॉक्सिसिलीन असेंच होतें. चौकोनाला मात्र कोणी हात लावीत नाहीं. जंतु आपल्या अंगाभोवतींची भिंत विणतो तेव्हां शेवटचे टांके घालणारें एक प्रथिन त्याच्यापाशीं असतें. पेनिसिलीन त्या टांक्याच्या धाग्यासारखें दिसतें, असें टिपर व स्ट्रॉमिंजर यांनीं १९६५ सालीं सुचविलें. प्रथिन फसून त्याला धरतें, ताणलेला चौकोन फटकन् उघडून त्याला कायमचा चिकटतो, आणि जंतूची भिंत अर्धवट राहून तो फुटतो. म्हणजे ज्या ताणामुळें औषध बाटलींत टिकत नाहीं, त्याच ताणामुळें तें शरीरांत काम करतें.

जंतूंनींहि हा चौकोन ओळखला आहे, आणि माणसांच्या बऱ्याच अगोदर. तो उघडून टाकणारें द्रव्य कांहीं जंतु बनवितात, हें एब्रॅहॅम व चेन यांना १९४० सालींच, म्हणजे रचना कळण्यापूर्वीं पांच वर्षें, दिसलें होतें. आज औषधाच्या पाकिटावर पुष्कळदां अ‍ॅमॉक्सिसिलीनच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असें दुसरें नांव असतें. त्याच्या अंगीं जंतु मारण्याचा गुण फार थोडा. पण त्याच्या रेणूंतहि तसाच एक चौकोन आहे. जंतूचें तें द्रव्य या चौकोनावर तुटून पडतें आणि त्यांतच गुंतून निकामी होतें. शेजारचें अ‍ॅमॉक्सिसिलीन तेवढ्या अवधींत आपलें काम उरकून घेतें.